खर्जातलं भोक

मंगळवार, ११ मार्च. संध्याकाळी पावणेसात. चर्चच्या मागे गाडीत बसून पेन्सिलीला टोक काढतोय.

गायनवृंदाच्या तालमीला अजून वेळ आहे. लवकर आत गेलं की कुणीतरी गप्पा मारायला येतं, आणि मग काय बोलायचं ते सुचत नाही. हीटर चालू. तळ्यावरून वारा नुसता कापतोय.

घरी आल्यावर —

पुन्हा तेच! नव्या रचनेचा तिसरा भाग. वर बायका गातात, "नदी कुणाची, विचारू नका, तहान कुणाला, ते विचारा." खाली आम्ही नऊ खर्जवाले एकच सूर धरून उभे. दोन पानं तोच सूर. एका दमात ते कुणालाच जमणार नाही. म्हणून प्रत्येकाने वेगळ्या वेळी गुपचूप श्वास घ्यायचा. शेजारी घेत असेल तेव्हा आपण नाही घ्यायचा. मग ऐकणाऱ्याला वाटतं, सूर कधी तुटलाच नाही.

आमचा तुटतो. "तहान" यायच्या जरा आधी. दर वेळी तिथेच. अंधारात एक पायरी कमी निघावी तसं होतं.

मारितने, म्हणजे आमच्या संचालिकेने, हात खाली टाकले. "गृहस्थहो, वर एकजुटीची कविता चाललीय आणि खाली तुम्ही भोक पाडून ठेवलंय. माझी गाडी जाईल त्यातून!"

लाइल शाळेची बस चालवतो. तो म्हणाला, "गाडीचं काय घेऊन बसलीस, बाई! माझी बस जाईल, पोरांसकट."

सगळे हसले. माझ्या डावीकडचा व्हर्नर हसला नाही. का नाही हसला?

मग मारित म्हणाली, "मैफलीपर्यंत हे बुजलं नाही, तर मी सहाच खर्जवाले उभे करीन." बोलताना कुणाकडे पाहिलं तिने? माझ्याकडे! म्हणजे निदान आमच्या बाजूला तरी.

नऊ जणांतले तीन जाणार. मी सप्टेंबरात आलोय, सगळ्यांत नवा. अकरावीतच शाळा सोडलेली. स्वरलिपी वाचनालयातलं पुस्तक आणून शिकलो. कुणाला काढायचं हे ठरवायला त्यांना वेळ लागणार नाही. आणि आठवड्यात ही एकच संध्याकाळ अशी आहे की जिची मी वाट बघतो.

पण मी तो नाही. मी नियम पाळतो. मग कोण?

बुधवार, १२ मार्च

दिवसभर दुकानात टायर बदलताना तो सूर धरून पाहिला. मालक म्हणाला, "आर्विड, पोटात दुखतंय का रे?"

मंगळवार, १८ मार्च

व्हर्नरच!

आज गाताना सबंध वेळ त्याच्या खांद्यावर नजर ठेवली. स्वरलिपीची वही बंद. उघडतसुद्धा नाही! दोन्ही हात कोटाच्या खिशात. आणि श्वास कुठे घेतला? "विचारू"च्या ऐन मधे! शब्दाच्या मधे! नंतर पुन्हा एकदा, कसलाही विराम नसताना. ज्याला असा कुठेही दम लागतो, त्याला "तहान"च्या आधी लागत नसेल कशावरून?

त्याने पकडलं मला. "काय रे, माझे दात मोजतोयस? ते तर माझं काम होतं." (दातांचा डॉक्टर होता. निवृत्त.)

मी म्हटलं, "वही उघडत नाही तुम्ही?"

"वहीत बघितलं की मारित दिसत नाही, बाबा."

असं कुणी सरळ बोलतं का? कारण खोटं असलं की माणसं अशी पटकन उत्तरं देतात.

तालमीनंतर कॉफीच्या टेबलावर त्याने लिंबाच्या वडीचा कडेचा तुकडा माझ्यासाठी काढून ठेवला होता. "घे, खरपूस आहे." सहा महिन्यांत कधी नाही, ते आजच? मी खाल्ला नाही, रुमालात बांधून आणला. घरी खाल्ला. चांगला होता. ते जाऊ दे.

गुरुवार, २० मार्च

कार्यक्रमाच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा आला. माझं आडनाव चुकलंय. किनुनेनमधला एक 'न' गायब. बाकी सगळ्यांची नावं बरोबर! आईला दाखवलं. म्हणाली, "टाइप करणाऱ्याला काय तुझ्याशी वैर आहे?"

मी कुठे म्हटलं वैर आहे? मी एवढंच म्हटलं की माझंच चुकलं.

मंगळवार, २५ मार्च

भोक आहे तिथेच. मारित आज ओरडली नाही. नुसतं पाणी प्यायली. ते जास्त वाईट.

मधल्या सुट्टीत ती आणि व्हर्नर पियानोपाशी बोलत होते. मी गेलो तर गप्प. मग व्हर्नर म्हणाला, "हा बघ, आला आपला पहारेकरी." दोघं हसले.

म्हणजे त्याने सांगितलंय तिला. काय सांगितलं असेल? की भोक मी पाडतो! त्याच्याच शेजारी उभा आहे ना मी. त्याने आधी माझं नाव घेतलं, तर एवढ्या वर्षांच्या माणसाचं खरं मानतील की माझं?

एकजूट, न्याय, नदी, झाडं — दर मंगळवारी तोंड भरून गातो आम्ही. पण लाइल सोडला तर रांगेतल्या कुणाला माझं पहिलं नावही धड ठाऊक नाही.

बुधवार, २६ मार्च

सांगावं का? सांगावंच. आधी सांगतो त्याचंच ऐकतात.

मंगळवार, १ एप्रिल

सांगितलं.

तालमीच्या आधी, कोट टांगायच्या खोलीत. मारित बुटांवरचा बर्फ झटकत होती. मी म्हटलं, व्हर्नर कुठेही श्वास घेतात. शब्दाच्या मधे घेतात. वही उघडत नाहीत. मी दोन आठवडे बघतोय.

तिने विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"मलाही वाटत होतं, वय झालंय त्याचं." मग म्हणाली, "बरं झालं बोललास, आर्विड. तुझ्यासारखा लक्ष देणारा माणूस मला रांगेत हवाय."

हवाय! असं म्हणाली. हाच शब्द.

सुट्टीत ती व्हर्नरला बाजूला घेऊन गेली. तो परत आला आणि खुर्चीवरून मफलर उचलला. लाइलने विचारलं, "काय हो डॉक्टर, कुठे निघालात?"

"मैफलीत मी समोर बसून ऐकायचं, असं ठरलंय." हसायचा प्रयत्न केला त्याने. "माझ्या बायकोला आनंद होईल. म्हणायची, नवऱ्याबरोबर बसून कधी गाणं ऐकलंच नाही."

माझ्याकडे पाहिलंही नाही त्याने. की पाहिलं? मी पेन्सिलीचं टोक बघत होतो.

त्याच्यानंतर वेळ उरला नाही. तिसरा भाग पुढच्या मंगळवारी.

शनिवार, ५ एप्रिल

मी बरोबर केलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पत्रिका पुन्हा छापून आली. किनुनेन, अगदी बरोबर. व्हर्नरचं नाव काढलंय.

मंगळवार, ८ एप्रिल

व्हर्नर आला नाही. तिसरा भाग गायलो. भोक तिथेच — दुप्पट मोठं!

डावीकडे बघायला आज कुणी नव्हतं, म्हणून रांगेकडे पाहिलं. "तहान"च्या आधी पान संपतं. आठ हात पान उलटायला एकदम उठले, आणि हातांबरोबर आठ छात्या. माझीही. सगळ्यांचा श्वास त्याच क्षणी. इतके दिवस तिथे जो काही सूर उरत होता, तो एकट्या व्हर्नरचा होता.

मारित म्हणाली, "आता कोण पाडतंय हे भोक?"

सगळे एकमेकांच्या खांद्यांकडे बघायला लागले. मी हात वर केला.