डिकीतला आडवा बार

२ फेब्रुवारी, रविवार

एक्कावन्न सेकंद! सात गाड्यांत सहावा. सातव्याची गाडी बंद पडली म्हणून सहावा.

आणि मैदानाच्या कडेला आमचे पूज्य पिताश्री व्हीलचेअरवर टोपी घालून बसलेले. गोदामांमागच्या त्या मैदानावर दर रविवारी आम्ही गाडीवेडे जमतो, लाल शंकू मांडतो, त्यांच्यामधून वळणं घेत गाड्या पळवतो आणि स्टॉपवॉच लावतो. आठवड्यातली माझी एवढीच मजा. तिथंही म्हातारा हवाच! फेरी संपली की लोक माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्याकडे जातात. "मास्तर, कसा गेला?" तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं ना, अर्ध्या गावाला गाडी शिकवली. चार वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं, पण जीभ शाबूत राहिली. आज म्हणाले, "ब्रेक लवकर दाबतो. अठराव्या वर्षी दाबायचा तसाच. भित्रा आहे." सगळे हसले. मीही हसलो. एक्केचाळीस वर्षांचा घोडा मी!

आमच्यात एक जण आहे, त्याला सगळे बुटक्या म्हणतात. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची, आणि तो नेहमी पहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझी गाडी मागून लोळते. मागे बार टाक." म्हणजे मागच्या दोन्ही शॉकॅब्सॉर्बरच्या डोक्यांना जोडणारा आडवा लोखंडी बार. वळणावर मागचा सांगाडा पिळत नाही, गाडी हुकमात राहते. "फक्त एक आहे, तो डिकीच्या मधोमध येतो. मोठं सामान मावत नाही मग."

मोठं सामान. माझ्या डिकीत मोठं सामान एकच असतं.

४ फेब्रुवारी

टेप घेऊन बसलो. गाडी नंतर मोजली, खुर्ची आधी! बाबा पलंगावर होते.

"काय मोजतोस?"

"चाक डुगडुगतंय का बघतोय."

"बरं केलंस," म्हणाले. बिचारे.

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो मी. केसाइतका फरक बोटाला कळतो. घडी घातलेली खुर्ची बारखालून जायला चार बोटं जागा कमी पडते. बारवरून घालावी तर डिकीचं झाकण बसत नाही. मागच्या दारातून ती शिरत नाही हे तर पहिल्याच वर्षी कळलंय. चार बोटं! एवढं चोख माप मला लॅबमध्येसुद्धा मिळत नाही. बार मागवला.

५ फेब्रुवारी

आज उगाच आठवलं. अठरा वर्षांचा होतो. भर चौकात, सिग्नल हिरवा, आणि बाबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. मागून हॉर्नवर हॉर्न. म्हणाले, "उतर. गाडी तुझ्या बापाची आहे, रस्ता नाही. चालत ये." सहा किलोमीटर चाललो. घरी पोचलो तर ते जेवत होते. वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

मी विसरलेलो नाही. विसरायचंही नाही.

६ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं की बारने गाडी सुरक्षित होते, पावसात घसरत नाही, बाबांच्या मानेलाही हिसके बसणार नाहीत. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. माझा तर धंदाच तो!

ती म्हणाली, "आणि खुर्ची?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही."

"टपावर ठेवता येईल," असंही म्हणाली. टपावर वजन आलं की गाडी वळणावर कलते, हे मी तिला वीस मिनिटं समजावलं. ती मधेच भांडी घासायला गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

लागला! तीन तास. गाडी मागून जॅकवर उचलली, डिकीतलं आतलं आवरण काढलं, दोन्ही शॉकॅब्सॉर्बरचे वरचे नट सोडले, बारचे पाय बसवले, नट पुन्हा आवळले. कपाळाला खोक पडली. चालायचंच.

मग खरा कार्यक्रम. बाबांची खोली तळमजल्यावर, खिडकी थेट गाडीसमोर. त्यांना बाहेर आणलं, पायरीवर बसवलं आणि त्यांच्या देखत खुर्ची डिकीत घालून बघितली. एकदा आडवी, एकदा उभी, एकदा चाकं काढून. चेहऱ्यावर अशी काळजी आणली की आरशात बघितली असती तर मलाच दया आली असती.

"अरेरे, बाबा. मावत नाही हो."

बार बघत होते ते. बराच वेळ. म्हणाले, "मी पुढच्या सीटवर बसून राहीन. खुर्ची घरी."

"आणि मी शंकूंतून पळवताना? तुम्ही आतच?"

"हं," म्हणाले. बस, एवढंच.

सुंठीवाचून खोकला गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

एकटा! खिडकी उघडी, रेडिओ मोठ्यानं, शेजारच्या सीटवर कोणी नाही. एकोणपन्नास सेकंद. चौथा. गाडी काय वळते! हात फिरवला की मागचं धूड मुकाट्यानं पाठोपाठ येतं.

सगळ्यांनी विचारलं, मास्तर कुठंत? म्हटलं, बरं नाही. थोडा ताप आहे. सहज निघालं तोंडातून.

परत आलो, गाडी लावली, तर खिडकीतून आवाज. "वळताना मागून करकरतंय. जॅकवर असतानाच आवळलास ना नट?"

दार आपटून आत गेलो.

१० फेब्रुवारी

म्हातारा बरोबर. चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन खाली, मगच नट शेवटचे आवळायचे असतात. सैल केले, परत आवळले. करकर गेली. त्यांना सांगितलं नाही. मेलो तरी सांगणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सत्तेचाळीस पूर्णांक सहा. दुसरा! बुटक्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती?"

"तुम्हाला काय करायचंय?"

बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं. ऐकू दे. मला चाळीस वर्षं सगळ्यांसमोर बोलले तेव्हा कोण आलं होतं दारात?

१९ फेब्रुवारी

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी बायकोकडे तक्रार केली. बाबा पाय उचलायचा व्यायाम करत नाहीत. म्हणतात, गाडीत चढायचं नाही तर पाय कशाला उचलू? बाईंनी असंही बजावलं की असाच पाय पडून राहिला तर आखडेल, मग उभंही राहता येणार नाही.

बायको म्हणाली, "रविवारी दहा वाजेपर्यंत तोंडावर चादर घेऊन पडून असतात. आधी सहाला टोपी घालून तयार असायचे. तुला दिसत नाही?"

"मी घरी नसतो रविवारी."

"बार काढ."

"आत्ता कुठं गाडी हाताशी आलीय."

त्यावर ती जे म्हणाली ते इथंही लिहवत नाही. वयानं मोठ्या माणसाला घरात डांबून ठेवणारा, असं काहीतरी. शेवटचा शब्द वेगळा होता. आज मी बाहेरच्या खोलीत झोपलोय.

२० फेब्रुवारी

लॅबमध्ये एक कवळी बिघडवली. वरचे दात खालच्यावर बसेनात. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय?"

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला. सेहेचाळीस पूर्णांक नऊ. पहिला!!

बुटक्यानं पाठीवर थाप मारली. दोघांनी फोटो काढले. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. कोणी विचारलं नाही, ब्रेक कुठं दाबलास, तिसऱ्या वळणावर गिअर का पाडला नाहीस. एक जण एवढंच म्हणाला, "मास्तर नसले की मजा नाही येत, काय?" मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर प्रत्येक फेरीनंतर माझी नजर मैदानाच्या त्या कडेला जात होती. तिथं आज कोणीतरी पाण्याचा कॅन ठेवला होता. स्वतःचा राग आला, मग लाज वाटली, मग परत राग आला.

घरी येऊन मुद्दाम त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "पहिला आलो. तुमच्याशिवाय."

"छान," म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा. आणि मला तो शब्द लागला. शिवी दिली असती तर परवडली असती. त्यांचा डावा पाय चादरीबाहेर होता, काठीसारखा वाळलेला, नख वाढलेलं. हे मी केलंय. या वेळी कोणी सांगितलं नाही, कोणी भांडलं नाही, तरी मला कळलं की हे मी केलंय.

२५ फेब्रुवारी

नखं कापली त्यांची.

१ मार्च, शनिवार

बार काढला. लावायला तीन तास लागले होते, काढायला वीस मिनिटं. खुर्ची डिकीत घालून बघितली. सहज गेली. झाकण लागलं.

बायको चहा घेऊन बाहेर आली. दहा दिवसांत पहिल्यांदा. बार भिंतीला टेकवून ठेवलेला बघितला, म्हणाली, "उद्या त्यांना सहालाच उठवते."

"मी उठवतो," म्हटलं. काय बोलायचं ते मनात ठरवून ठेवलंय. माफी हा शब्द मी घरात कधी वापरलेला नाही. जमेल.

२ मार्च, रविवार

सहाला गेलो. म्हटलं, "बाबा, बार काढला. खुर्ची मावते. चला." पुढचं ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"लाव परत. तो कशासाठी लावलास ते मला पायरीवर बसलो तेव्हाच कळलं. म्हटलं, बरं झालं. मला काय त्या धुळीत बसायची हौस होती? एकट्याला सोडलं तर तू घाबरून परत येशील, म्हणून चार वर्षं येत होतो. आता येतं तुला."

मग म्हणाले, "सुटलो रे बाबा तुझ्यातून. दार लाव जाताना."