काकूंची मोरी

दारव्हा, मंगळवार संध्याकाळ

पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातली फरशी ओली होते. दरवर्षी आम्ही शेजारच्या काकूंच्या मोरीला बोल लावतो. आज बुजलेला नाला शोधायला जुना नकाशा घेऊन निघालो. देवळामागची जुनी विहीर काकूंनीच दाखवली. तिथून मोजत आलो, तर नाल्याची रेघ थेट आमच्या ओट्याखालून! मोरी कुठल्या कुठे राहिली.

"काय निंगालं रे बापू?" काकूंनी विचारलं.

"नकाशा नीट दिसून नाही राह्यला, काकू."

असं खोटं बोलवलंच कसं मला?

त्या म्हणाल्या, "यंदा मोरी फोडून नवी बांधून घेतो. मिस्तरी उद्या येऊन राह्यला. तुमाले लय तरास होते ना आमच्यापायी."

आणि मी त्यांच्याकडचा चहा पिऊन घरी आलो.