लिफ्टलाही घाम फुटतो

१२ एप्रिल, शुक्रवार

लिफ्ट पुन्हा बंद! दुपारीच. या वेळी आत मी. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे, एका हातात दूध, दुसऱ्यात दुधी. बटणं दाबली, अलार्म दाबला, शेवटी जाळीच्या दारावर दुधी आपटला. वॉचमन खालून ओरडला, "मॅडम, घबराओ मत!" मी घाबरले नव्हते, मी उकडत होते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण हे पुरुषांना समजावण्यात अर्थ नाही.

बऱ्याच वेळाने लिफ्ट आपली आपणच चालू झाली. काही झालंच नाही अशा थाटात! घरी येऊन तापवलं तर दूध नासलं. पनीर केलं.

ऋता परवा येतेय. पहिलं बाळंतपण माहेरी. रीतच आहे, आणि मला ही एकुलती एक लेक. आठवा लागलाय. आणि आम्ही सातव्या मजल्यावर. विहीणबाईंचा डोंबिवलीहून फोन — "आमच्याकडे तळमजला आहे हो. तुमच्या लिफ्टचं काही खरं नाही, असं स्वानंद म्हणत होता." जावई माझा, आणि बातम्या तिकडे पुरवतो!

१३ एप्रिल, शनिवार

एसीवरून महायुद्ध. मी अठरावर ठेवला. ह्यांनी खोबरेल तेलाची बाटली माझ्या नाकासमोर उलटी धरली. "बघ, तेल गोठलं. मी काय तेलाहून चिवट आहे?" मफलर बांधून पेपर वाचतायत. एप्रिलात! सीवूड्समध्ये!

मी तरी काय करू? पाळी गेली आणि भट्टी आली. पोटातून काहीतरी पेटतं, छातीवर, मानेवर, कानशिलांपर्यंत चढतं, आणि जसं आलं तसं निघून जातं. डॉक्टरीण म्हणते, हॉट फ्लश, नॉर्मल आहे. तिला काय जातंय म्हणायला! हे म्हणतात, तुझ्या अंगावर पोळी भाजून निघेल. लाटून द्या म्हटलं.

१५ एप्रिल, सोमवार

काल सकाळी ऋता आली तेव्हा लिफ्ट सोन्यासारखी चालली. मी मनात नारळ बोलले. आज दुपारी सोनोग्राफी करून परत आलो — बंद! पोरगी जिन्याने चढली. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी खुर्ची आणून दिली. माणसं चांगली आहेत आमच्या सोसायटीतली, लिफ्टच काय ती नतद्रष्ट. वर येईपर्यंत तिचे पाय भाकरीसारखे फुगले होते.

तेल चोळत बसले होते तर म्हणाली, "आई, मला इथंच राहायचंय. पण दुपारीच कळा सुरू झाल्या तर? मला भीती वाटते गं." मला तिथेच रडू आलं. तेल चोळायचं निमित्त होतं म्हणून मान खाली होती.

विहीणबाईंचा निरोप: महिनाअखेरीपर्यंत लिफ्टचं बघा, नाहीतर आम्ही गाडी पाठवतो. गोड बोलतात बाई. पण बोलतात तसंच करतात.

१६ एप्रिल, मंगळवार

लिफ्टवाला किसन सकाळी आला. तळवलीचा. पोट सांभाळत वर-खाली दहा फेऱ्या मारल्या. "म्याडम, एकदम ओके हाय. लिफ्टला काय झालेला नाय." सही घेऊन गेला. दुपारी बंद.

१८ एप्रिल, गुरुवार

आज लिफ्टची सत्यनारायणाची पूजा! खरंच. चेअरमन सुधीरराव म्हणाले, "मी स्वतः मानत नाही, पण मेंबर्सचं मन..." मेंबर्स कोण, तर त्यांची बायको. लिफ्टला हार, कळशीला हार, सुधीररावांना पण हार. सकाळभर लिफ्ट अशी पळत होती की मलाच पाप लागल्यासारखं झालं. म्हटलं, देवा, मी उगाच शंका घेतली.

जेवणं झाली. भटजी सातव्यावरच्या लोकांना प्रसाद द्यायला लिफ्टने निघाले. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकले! आत भटजी आणि शिऱ्याचं पातेलं. "आता कथेचा सहावा अध्याय होऊन जाऊ दे," म्हणाले हे. बाहेर आले तेव्हा भटजी घामाने निथळत होते आणि शिरा बराच कमी झालेला होता.

ऋता किती दिवसांनी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाळ पण हसतंय." मी हात लावून पाहिला. खरंच!

२० एप्रिल, शनिवार

मला कळलं! मला कळलं!

नीट लिहिते. सकाळी मोबाइल खिडकीत उन्हात राहिला. घेतला तर स्क्रीनवर इशारा, फोन फार तापलाय, आणि काही म्हणजे काही चालेना. मी सरळ फ्रीजमध्ये ठेवला, कोथिंबिरीशेजारी. ऋता किंचाळली. "आई! फ्रीजमध्ये नाही ठेवायचा! बाहेर काढलास की आत पाणी सुटतं!" म्हटलं, बरं बाई. काढून पंख्याखाली ठेवला. थोड्या वेळाने पठ्ठ्या हसत चालू.

दुपारी गच्चीवर कुरडया उलटायला गेले. लिफ्टचं मशीन असतं ती खोली तिथेच, दाराला कधी कुलूप नसतंच. सावलीला म्हणून दार उघडायला कडीला हात लावला — चटका! आत डोकावले तर लोखंडी ओव्हन. एक खिडकी होती, तिला बाहेरून पत्रा ठोकलाय. कशाला? कबुतरं! सुधीररावांनी जानेवारीत मीटिंगमध्ये ठराव करून 'कबूतर बंदोबस्त' केला होता. टाळ्या पण वाजल्या होत्या. जानेवारीत गारवा होता, कोणाला कळणार?

म्हणजे लिफ्ट सकाळी चांगली, दुपारी बंद, निवली की पुन्हा चालू. जसं आलं तसं जातं! तिथेच गच्चीवर हसत सुटले. बाई गं, तुला पण? तुझं पण माझ्यासारखंच की!

२२ एप्रिल, सोमवार

सुधीररावांकडे गेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, पत्रा काढायचा तर पुन्हा ठराव लागेल. जनरल बॉडी जूनमध्ये." जूनमध्ये! तोवर माझं नातवंड बारशाला आलेलं असेल. "आणि तापणं वगैरे तुमचा तर्क आहे. किसन लेखी देतो, ओके म्हणून."

किसन देतो ओके, कारण किसन येतो सकाळी! त्याला दुपारपर्यंत थांबवायला हवा. कसा? जेवायला बोलवायचं. उद्या कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी.

२३ एप्रिल, मंगळवार

किसन आला. तीन भाकऱ्या. सोलकढी वाटीने नाही, तांब्याने. आणि आभाळ भरून आलं! वारा सुटला, उन्हाचा पत्ता नाही. लिफ्ट दिवसभर गुणी बाळासारखी चालली. किसन ढेकर देऊन गेला. "बोललू ना म्याडम, ओके हाय."

कोलंबी गेली, तर्क राहिला.

२४ एप्रिल, बुधवार

आज कडक ऊन! किसनला पुन्हा बोलावला. (मांदेली तळून.) शेवटचा घास तोंडात असताना खालून ओरडा — बंद! मी टाळ्या वाजवल्या. लिफ्ट बंद पडली म्हणून टाळ्या वाजवणारी मी पहिलीच असेन.

हात धुऊन किसन गच्चीवर आला, खोलीत पाऊल टाकलं आणि तसाच मागे आला. "आयला, कनची भट्टी ही!" मग नीट सांगितलं. मोटारीला हिशोबाने वीज देणारा एक डबा असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. "तो तापला का सोताला बंद करून घेतं. निवला का परत चालू. मी येतंय सकाली, तवा तो थंडच आसतं ना."

म्हणजे हा बिघाड नव्हताच! जळून जाण्यापेक्षा जरा थांबलेलं बरं, एवढंच तो म्हणत होता. शहाणा डबा. मी इतकी वर्षं हे कोणाला सांगू शकले नाही.

तोपर्यंत उपाय? दार उघडं ठेवा, पंखा लावा. "बर्फ ठेवू का?" "बर्फ आत नको हां, पानी सुटंल, शॉट व्हईल!" ऋताने माझ्याकडे असं पाहिलं! कळलं गं, कोथिंबीर आठवतेय मला.

२५ एप्रिल, गुरुवार

बर्फ आणायला करावेगावच्या गोजराकडे. सेक्टरच्या नाक्यावर ती मासळी घेऊन बसते. पाटीभर बर्फ मागितला, मासळी नको म्हटलं. तिने हातातला कोयताच खाली ठेवला. "ताय, मावऱ्याबिगर बर्फ? घरान कोन गेला का काय?" मी लिफ्टची कथा सांगितली. इतकी हसली की शेजारणी गोळा झाल्या. मग पाटी भरून दिली, वर दोन बोंबील. "पोरीला दे. चांगला आसतंय."

खोलीचं दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर घमेल्यात बर्फ, मागे आमचा टेबलफॅन. ह्यांना स्टूल टाकून राखणीला बसवलं. डोक्याला मफलर, वरून छत्री! दुपार गेली, संध्याकाळ झाली. लिफ्ट चालली! ऋता तीन वेळा खाली जाऊन वर आली, काही काम नसताना.

आता विहीणबाईंना फोन करायची माझी पाळी.

२६ एप्रिल, शुक्रवार

सुधीररावांनी खोलीला कुलूप लावलं! "दार उघडं टाकलंत, कबुतरं शिरली तर? जबाबदार कोण?" किल्ली स्वतःच्या खिशात घातली. ऋता कपाटातले कपडे घड्या करून बॅगेत भरत बसली. डोंबिवलीची बॅग. तिच्या पाठीकडे बघवेना.

२७ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही!

भर दुपारी सुधीरराव आंब्याची पेटी घेऊन लिफ्टने निघाले. चौथ्या मजल्याशी अडकले. त्यांचं फक्त डोकं लादीच्या पातळीला दिसत होतं, मागे आंबे. किसनला फोन लावला. तो म्हणाला, वरून मोटार हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला लावावी लागेल, खोली उघडून ठेवा, येतोच. खोलीला कुलूप. किल्ली कुठे? सुधीररावांच्या खिशात. सुधीरराव कुठे? लिफ्टमध्ये!

मी जिन्यावर बसले, जाळीशी वाकले. म्हटलं, "भावजी, किल्ली द्या जाळीतून. आणि त्या पत्र्याचं काय?"

"वहिनी, आधी मला बाहेर काढा."

"आणि ठराव?"

घाम त्यांच्या चष्म्यावरून गळत होता. आंबे एव्हाना आत पिकले असावेत, असा वास सुटला होता. "ठराव गेला चुलीत!" म्हणाले. संपूर्ण चौथ्या मजल्याने ऐकलं. ह्यांनी वर "अनुमोदन!" म्हणून हात वर केला.

संध्याकाळी किसनने पत्रा उखडला. तिथे जाळी बसवली, हवा येईल, कबूतर येणार नाही. आणि गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. एवढंच होतं. सुधीररावांनी सगळ्यांना आंबे वाटले. वाईट माणूस नाही तो. तापला होता इतकंच.

३० एप्रिल, मंगळवार

तीन दुपारी झाल्या. लिफ्ट एकदाही थांबली नाही. विहीणबाई स्वतः बघायला आल्या, भर उन्हात, मुद्दाम. लिफ्टने वर आल्या, पन्हं प्यायल्या, म्हणाल्या, "चालते हो." त्यांना किती जड गेलं असेल! ऋताने बॅग रिकामी केली.

मी जिंकले. जिंकलेच!

४ मे, शनिवार

दुपार. ऋताचं पाणी गेलं. इतक्या लवकर! अजून दिवस भरायचेत. लिफ्ट चालली. लिफ्ट चालली. निघतो.

६ मे, सोमवार

मुलगी. काल झाली, सिझर करून. दोन किलोला कमी. ऋताला ताप आहे, उठता येत नाही. स्वानंद कामासाठी बाहेरगावी, त्याचं विमान अडकलंय. बाळाचं अंग सारखं गार पडतंय. मशीनच्या उबेत ठेवलंय, पण सिस्टर म्हणाली, माणसाच्या छातीशी लावून ठेवलेलं जास्त चांगलं, कोण आहे घरातलं? तिने रांगेने हात धरून पाहिले. विहीणबाईंचे गार. ह्यांचे तर बर्फच. माझा धरला आणि सोडलाच नाही. "आजी, तुम्ही या."

पोर माझ्या उघड्या छातीवर ठेवली, वरून चादर. मुठीएवढं तोंड. हलायची भीती वाटत होती. आणि तो जाळ आला, नेहमीसारखा, पोटातून वर, छातीवर, मानेवर. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या. म्हटलं, ये बाबा, ये. आज घाईने जाऊ नकोस.