मागचं खाणारं बटण

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बायको सिंधुचे गुडघे — कालच्यापेक्षा बरे. म्हैस — वैरण खाते, रवंथ नीट. गिरणी — पट्टा बदलल्यापासून कुरकुर नाही. माझा हात — थरथर आहे तशीच. लेक तनुजा — सातवा महिना, पाय सुजतात म्हणे. लॅपटॉप — आजारी.

परवापासून त्याचं खोडायचं बटण दबूनच बसलंय. मी एक ओळ लिहावी अन् ह्यानं ती मागून खात यावी, बकरीनं कोथिंबिरीची जुडी खावी तशी, पार देठापर्यंत. चाळीस वर्षं मुदखेडात गिरणी चालवली, पण असलं नेभळट यंत्र पाहिलं नाही. गिरणी बिघडली तर बंद पडते. झालेल्या पिठाचे परत गहू करत नाही!

४ ऑक्टोबर

अन् बिघडायचं ते नेमकं आत्ताच. सिंधुनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय, जावयाला पत्र लिहायचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण तनुजानं आईला सांगितलं — बाबांनी ह्यांना स्वतः बोलावलं तरच येईन.

हे जावई म्हणजे सोमेश. उदगीरचा. हैदराबादेत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. दिवसभर खुर्चीत बसून बोटं हलवायची, त्याला काम म्हणतात! दोन वर्षांमागं कोर्टात लग्न लावलं अन् संध्याकाळी फोन — बाबा, आशीर्वाद द्या. जसं काही पार्सल पोचलं का विचारतोय. मी देवापुढं उभं राहून म्हणलो, ह्या माणसाशी बोलणार नाही. बोललो नाही.

सिंधु लई पोचलेली. म्हणाली, "बोलणार न्हाई म्हणला व्हता. लिहिणार न्हाई असं कुठं म्हणला व्हता?"

हातानं लिहावं, तर माझं अक्षर आता ह्या वहीशिवाय कुणाला कळत नाही. मोबाइलवर एका अक्षराला दाबलं की तिघं उठतात. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं हे पत्र नव्हे. राहिला लॅपटॉप. त्यानं माझं 'सोमेशराव' एवढंसुद्धा पडद्यावर टिकू दिलं नाही. मी काय करणार.

६ ऑक्टोबर

शेजारचे व्यंकटी सर आले. कॉम्प्युटरचा क्लास घेतात, दारावर हात-दीड हात पाटी. म्हणाले, बंद करून चालू करा. केलं. परत म्हणाले. परत केलं. चार वेळा! मग घरून आपला बटणांचा पाट आणला, वायरीनं जोडला. त्यावर लिहिलेलंही मागून गायब. खालचं बटण दबलेलंच असल्यावर दुसरं काय होणार? एवढं मला कळतं, सरांना नाही. शेवटी म्हणाले, व्हायरस आहे.

व्हायरस! माणसाला सर्दी झाली तरी तेच अन् बटण दबलं तरी तेच. सगळा वेळ पडद्याकडं बघत बसले, बटणाकडं वाकून एकदा पाहिलं नाही. बैलाचा खूर दुखतोय अन् हे शिंगं तपासून राहिले. चहा मात्र दोन कप.

७ ऑक्टोबर

सिंधुनं विचारलं, झालं का पत्र. बटण, म्हणलो.

९ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं नांदेड. दुकान झकपक — काचेचं दार, आत गार हवा, पोराटोरांच्या गळ्यात पट्टे. त्यातल्या एकानं हातभर लांबून फुंकणी मारली, फुर्र! झाली तपासणी. म्हणाला, काका, सगळा कीबोर्ड बदलावा लागेल, बाहेरून मागवायचा, पंधरा-वीस दिवस. वर शहाणपण — किती जुना आहे हा, नवाच घ्या.

जुना आहे. तनुजाचा कॉलेजातला आहे. झाकणावर तिनं चिकटवलेला आंबा आहे, अर्धा सोललेला. जाताना इथंच ठेवून गेली. ह्याच्यावर मी एकट्यानं, कुणाला न विचारता, एकेक अक्षर शोधत टायपिंग शिकलो. सहा महिने लागले. ह्या फुंकणीवाल्याला काय सांगायचं ते?

पंचवीस तारखेला आठवा लागतो. त्यानंतर प्रवास नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. म्हणजे वीस दिवस थांबलो की विषयच संपला. राहू द्या म्हणलो, लॅपटॉप पिशवीत घातला, परतलो. गाडीत, खरं लिहायचं तर, हलकंच वाटत होतं.

११ ऑक्टोबर

सिंधु बोलत नाही. ताट वाढते अन् तोंड फिरवते. बाळासाठी दुपटी शिवायला तिनं मऊ झालेली जुनी लुगडी काढली होती. आज परत घडी घालून ट्रंकेत ठेवली.

१३ ऑक्टोबर

सकाळी ती फोन कमरेला खोचून आली अन् लॅपटॉपपुढं उभी राहिली. जन्मात ह्याला हात लावलेला नाही.

"खंडेनवमीला पूजा केली व्हती ना ह्याची?"

केली होती. गिरणी, पान्हे, विळा, सायकल, तसा हाही. हळद-कुंकू, फूल, अक्षता. ज्यानं कामं होतात त्याला त्याचा मान.

"मग त्याच बटणाच्या फटीत तांदूळ असंल. ओलं कुंकू वाळून धरून बसलं असंल. आधी बंद करा. पालथं धरा. ओढू नका, दातकोरणीनं कडेकडेनं काढा. मग कापसाला स्पिरिट लावून पुसा. पाणी लावू नका."

स्पिरिट! सिंधुच्या तोंडी! म्हणलो, हे कुणी शिकवलं?

"तुम्ही ज्याच्याशी बोलत न्हाई त्यानं. मी सांगितलं बटण दबलंय, तर त्यानं येवढंच विचारलं — पूजा केली का. त्याची आई पण दर दसऱ्याला त्याच्या मशीनवर अक्षता टाकती. हा दरवर्षी वेचून काढतो. तिला कळू देत न्हाई, वाईट वाटंल म्हणून."

मी दातकोरणी आणली. दाणा निघाला. पिवळा, अर्धा तुटलेला. कापूस फिरवला तशी बटणानं मान वर काढली.

सिंधु आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं तेवढं ऐकू आलं.

१४ ऑक्टोबर

ह्या वहीला खोटं सांगितलं. तो दाणा मला पहिल्याच दिवशी दिसला होता. गिरणीच्या दगडात खडा आला तर नुसत्या आवाजावरून ओळखणारा मी! मुद्दाम काढला नाही. सर बसले होते तेव्हा, नांदेडच्या दुकानात, मनात एकच — ह्यांना दिसू नये. त्यांना समोर असून दिसला नाही. ह्याला हैदराबादेत बसून दिसला.

आत्ता पाठवलं. एक अक्षर खोडलं नाही —

"सोमेशराव, तुमची तब्येत कशी आहे? तुमच्या आईंची? तनुजाच्या पायाची सूज उतरली का? शनिवारी दोघांना न्यायला मी स्वतः येतो. बाकी समोरासमोर बोलू. उत्तर लवकर लिहा."