मी पाहिलं होतं

सोम., १० नोव्हें.
हेडसर आज स्वतः माझ्या टेबलाशी आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. अंबाबाईला अभिषेक घातला म्हणे. "मॅडम, प्रसाद. तुमच्यासाठी मुद्दाम."
प्राजक्तानं मागच्या आठवड्यात याच्याविरुद्ध तक्रार दिलीय, अंगाला हात लावतो म्हणून. कॉम्प्युटरची नवी शिक्षिका, चोवीस वर्षांची पोर. आणि समितीनं साक्षीला पुन्हा मलाच बोलावलंय. हेडक्लार्क ना मी. २१ तारीख.
प्रसाद टाकवेना, खाववेना. बॉक्स फायलींमागं ढकलला. बोटांना तूप लागलेलं. तीनदा साबण लावला.

मंगळ., ११
एकदाचं लिहून टाकते. तीन वर्षं झाली. हजेरीपट आणायला गाण्याच्या वर्गाकडं गेले, दार अर्धं उघडं. वैशाली, आमची गाण्याची शिक्षिका, कपाटाला टेकलेली, या हेडसरचा हात तिच्या मानेवर, ती तो ढकलतेय. तिनं मला बघितलं. मी तिला. मी मागं फिरले.
तिनं तक्रार दिली. समितीत मला विचारलं तेव्हा म्हणाले, "मी काही पाहिलं नाही." बाहेर आल्यावर पाणी प्यायले आणि पगारबिलं करत बसले. वैशाली महिन्याभरात नोकरी सोडून गेली.
किळस येते. त्याची तर येतेच.

बुध., १२
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता. ताटातनं मान वर न करता म्हणाले, "तुझं दीड वर्ष ऱ्हायलंय रिटायरला. काय बघितलं न्हाईस म्हणून सांगितलंस न्हवं तवा? मग आताबी तेच सांग की." आणि पुन्हा आमटी वाढून घेतली.
उठून भांडी घासली. वाईट माणूस नाहीत हे. म्हणूनच जास्त लागतं…

शुक्र., १४
अंबाबाईच्या देवळात गेले. गाभाऱ्याच्या रांगेत नाही, बाहेरनंच मुखदर्शन. मान वर होईना.
दोनदा शब्द दिलाय आईला. पहिल्यांदा ओटी भरून म्हणाले, संस्थेला पत्र लिहून खरं कळवते. लिहिलं, आणि पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन फाडलं. मागच्या नवरात्रात नऊ दिवस उपास केले, धीर दे म्हणून. दहाव्या दिवशी काय केलं? हेडसरच्या सत्काराचं मानपत्र लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं. 'चारित्र्यसंपन्न' लिहिताना हात थांबलासुद्धा नाही.
आता तिसऱ्यांदा मागायला उभी. मागनं एक बाई खेकसली, "वर बघा की वो! निम्मं गाव खोळंबलंय मागं."
बघितलं. आई होती तशीच होती. रडू वगैरे काही नाही. धीर दे म्हणाले आणि निघाले.

रवि., १६
गडहिंग्लज. एस्टीनं गेले. वैशाली आता इथं घरीच गाण्याच्या शिकवण्या घेते. आधी मला अक्का म्हणायची. आज दार उघडून म्हणाली, "काय मॅडम?"
माफी मागायला आले म्हणाले.
"मला नको ती. तुमचं मन हलकं करायला आलाय व्हय हितं? मी किती रात्री विचार केला, अक्का का फिरली म्हणून. आता न्हाई करत."
प्राजक्ताचं सांगितलं. मग म्हणाली, "तिथं जाऊन बोला. मग बघू." चहा विचारला नाही.
पण 'बघू' म्हणाली.

गुरु., २०
हेडसरनी केबिनमध्ये बोलावलं. पंखा लावला, पाणी मागवलं. "तुमची पेन्शनची फाइल माझ्याच सहीनं जाईल ना? काळजी करू नका. आई पाठीशी आहे आपल्या."
आपल्या! अंगावर पाल पडावी तसं झालं. हा पण त्याच गाभाऱ्यासमोर हात जोडतो. वाचव म्हणतो. मी पण तीन वर्षं तेच म्हणत आले, मला वाचव. याच्यात आणि माझ्यात फरक काय मग? घरी येईपर्यंत डोक्यात तेच.
संध्याकाळी बसून सगळं लिहून काढलं. तारीख, खोली, हात, कपाट. आणि आधी खोटं बोलले तेही. सही केली.

शुक्र., २१
साडेदहापासून समितीच्या खोलीबाहेर बाकावर. अकराला निरोप आला, अध्यक्षबाई आजारी, सुनावणी सोमवारी. हेडसर समोरनं गेले. हसले.
आणि मला सुटल्यासारखं वाटलं! क्षणभरच, पण वाटलं. थू माझ्यावर. सोमवारपर्यंत मी काय करेन सांगता येत नाही. ओळखते मी मला.
तशीच लॅबमध्ये गेले. प्राजक्ताच्या हातात कालचा कागद दिला. तिनं उभ्याउभ्या वाचला, मोबाइलवर फोटो काढला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हाच बोलला असता तर…" कागद तिच्याकडंच ठेवून आले.
येताना देवळात गेले. या खेपेला शब्द दिला नाही. एवढंच म्हणाले, आई, सोमवारी मला त्या खोलीत ने. तोंड उघडायला लाव. माझ्यावर सोडू नकोस.