कागदावर आलं म्हणजे

चिरंजीव जाबेझ यास,

थोरली बहीण महाला हिचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझी बायको आणि तुमच्या ल्यूटन शहरातला धूर, तिघांचीही खुशाली कळव. मी ठणठणीत आहे. (आजी सांगते आहे, मी लिहिते आहे. ठणठणीत नाही, खोकते आहे. – नात टर्झा.)

अरे, मी गावच्या नव्या शाळेत जाऊन आले! गेले होते भांडायलाच. पोरांनी शाळेत गेलंच पाहिजे असा कायदा आला, मागोमाग शाळा आली, आणि माझ्या स्वयंपाकघरातली वेणीशाळा बंद पडली. गावची निम्मी पोरं माझ्या चुलीपाशी गव्हाच्या काडाच्या वेण्या घालायला शिकली, तुमच्या टोप्यांना त्याच तर लागतात. काड तोंडात ओलं करता करता देवाची वचनंही म्हणायची. पुस्तक होतं की आपल्याकडे! (एकच. अर्धं उंदरांनी खाल्लेलं. आजी पानं उलटायची, पण कुठलीही.) आपल्या लहानपणी तर तेवढंही नव्हतं. आठवतं ना, रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा अक्षरं वाचायला शिकवायचे, लिहायला नाही. रविवारी वाचणं पुण्य, लिहिणं म्हणजे काम, म्हणून पाप, आणि बाकीचे दिवस आपण शेतात! वाचायच्या वेळी मला डुलकी लागायची, म्हणून पुण्य हुकलं. पाप करायची संधी तर मिळालीच नाही.

तर तणतणत दार उघडलं, बघते तो काय! खोली पोरांनी भरलेली, आणि सगळ्यांचे हात रिकामे! एकाच्याही तोंडात काड नाही. फेन्समांचा ओबेड, ज्याला मी धोंडा म्हणायची, तो उभा राहून देवमाशाबद्दल वाचत होता. त्याने तो पाहिलेला नाही, मी नाही, बाईंनीही नाही, तरी तो मासा आमच्या गावात येऊन पसरला. माझ्या अंगावर काटा आला. पण भांडायचं ठरवलेलं, म्हणून ओरडले, "या शाळेला आग लागो!" बाई हसल्या. त्यांनी तिथेच शिकणाऱ्या आपल्या टर्झाकडून ते फळ्यावर लिहून घेतलं आणि हातपंपावर गेलेल्या एका मुलीला आत बोलावलं. तिने यातलं काही ऐकलेलं नव्हतं. फळ्याकडे बघून ती खणखणीत म्हणाली, "या शाळेला आग लागो!" जसंच्या तसं रे! माझंच बोलणं, परक्या पोरीच्या तोंडून! मी मटकन बाकावर बसले ती घंटा होईपर्यंत उठले नाही. (घंटा झाल्यावरही नाही. ओढून आणली.)

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, पण तो टिकवायला कधीतरी तोंड दाखवत जा.

तुझी बहीण,
महाला

ता. क. – मुद्दा राहिलाच. टर्झा आता मोठी झाली. बाई तिला शिकाऊ मास्तरीण म्हणून ठेवून घेते म्हणतात. तुमच्या टोपीच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बघू नकोस. तिला शाळेतच राहू दे.

आणखी एक ता. क. (हा फक्त माझा, टर्झाचा) – जाबेझ आजोबा, आजीने 'जागा बघ, शाळेचं कौतुक पुरे' असं सांगितलं होतं. मी 'बघू नकोस' लिहिलं. वाचून दाखवताना 'बघ' म्हणायचं ठरवलं होतं, पण डोळ्यांपुढे जे होतं तेच तोंडातून गेलं. आजीच्या हातातली वेणी थांबली. म्हटलं, मेले आता. तिने कागदावर बोट ठेवलं.

"असंच आलंय कागदावर?"

"हो."

"नीट बघ."

"हो, आजी."

"मग मीच म्हणाले असेन," आजी म्हणाली. "चिकटव पाकीट."