मुलगी झाली तर माहेरानं भरायचे

नाशिक रोड,
मार्च १९८२

प्रिय लता,

आधी तुझ्या सासूबाई आल्या, धोंडाबाई. मागून सावळीराम व्याही, कांद्याची पिशवी सावरत, धापा टाकत. बसायच्या आधीच विहीणबाई म्हणाल्या, लताला सातवा लागला, पोर पोटात नुसतं नाचतंय. अगं, मी पणजी होणार! आनंदानं चहात इतकी साखर ओतली की तुझा बाप म्हणाला, आई, हा चहा आहे का पाक? हसू दे मेल्याला.

मग व्याह्यांनी खिशातून कागद काढला. तिकडं सटाण्याला एका डॉक्टरशी त्यांनी तुझं बाळंतपण उक्तं ठरवलंय, विहीर खोदायला द्यावी तसं! जो पैसे भरणार त्यानं आधीच सही करायची. आता पहिलं बाळंतपण माहेरचं, पण कांदा काढायला हात हवेत म्हणून तुला सोडायचं नाही. तेही गिळलं मी. तर विहीणबाई म्हणतात कशा, मुलगा झाला तर पैसे आम्ही देऊ, मुलगी झाली तर मोतीरामभाऊंनी भरायचे. सही मात्र त्यांनी आत्ताच करून ठेवावी.

माझ्या अंगाची लाही झाली. विचारलं, का हो, मुलाच्या कळा सासरच्या आणि मुलीच्या माहेरच्या असतात का? तर म्हणे, आमच्यात असंच चालतं. आणि तुझा बाप मोतीराम! प्रेसमधला नोकरदार, शिकलेला, तो पेन शोधायला लागला. पोरीच्या सासरी वाईटपणा नको म्हणे. मी पेनावरच बसले. ते जाईपर्यंत उठले नाही.

मग तशीच चपला घालून स्टेशनजवळच्या लेडी डॉक्टरकडं गेले. बाईंनी रक्कम सांगितली, हप्त्यानं द्या म्हणाल्या. म्हटलं, कागदावर लिहा, मुलगा असो की मुलगी, पैसे तेवढेच. त्या हसल्या, आजी, आमच्याकडं वेगळे नसतातच. म्हटलं, तरी लिहा. लिहून घेतलं आणि खाली माझं नाव गिरवलं. गोधड्या शिवून फेडीन, हात अजून चालतात.

पोरी, पत्र याचसाठी. सासरी कुणाच्या हाती पडू नये म्हणून तर तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पत्त्यावर टाकतेय. लुगडी-बिगडी भर आणि बुधवारीच ये. जावईबापूंना, चंदररावांना सांग, आजीनं बोलावलंय, ते आणून सोडतील. व्याही-विहीण नाशकात पाहुण्यांकडं उतरलेत, सही न्यायला गुरुवारी परत येतो म्हणून गेलेत. दार तू उघडायचंस.

तुझीच,
पेनावर बसलेली आजी
कुसाबाई